नर्सिंग सोडायचं नाहीये, पण हेल्थ इन्फर्मॅटिक्स शिकायचंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात : अतिदक्षता विभागात नऊ वर्षं काम करणाऱ्या एका परिचारिकेचं हे पत्र आहे. वय चौतीस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या रुग्णालयात कागदी नोंदी बंद होऊन सगळं संगणकावर आलं. तेव्हापासून एकच रक्तदाब तीन ठिकाणी भरावा लागतो. अलार्म इतके वाजतात की कुणी मान वर करून बघत नाही. ड्युटी बदलताना हवी ती माहिती शोधायला चार-चार स्क्रीन उघडाव्या लागतात. म्हणून त्यांनी हॅन्डओव्हरसाठी एका पानाचा तक्ता बनवला आणि आता सगळा विभाग तो वापरतो. हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे आरोग्यसेवेतली माहिती संगणकावर कशी नोंदवावी आणि वापरावी याच्या अभ्यासात, पदव्युत्तर शिक्षण घ्यावं असं त्यांच्या मनात आहे. अर्जाची मुदत दोन महिन्यांवर आली आहे. पण गणित शाळेपासून कच्चं आणि प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाऊ म्हणतो, ‘शिकायचंच तर सरळ डेटा सायन्स शीक, हे अर्धवट काहीतरी आहे.’ एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘चांगली नर्स खुर्चीत बसून वाया जाईल.’ नाइट ड्युट्यांनी शरीर थकलंय, हेही त्या लिहितात. ‘माझी काहीच तयारी नाही. मी यात टिकेन का? आणि हे इन्चार्ज सिस्टरना आत्ताच सांगू का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मला आधी भांडायचं आहे : ‘माझी काहीच तयारी नाही.’ गणिताची नाही, प्रोग्रॅमिंगची नाही, हे मान्य. पण ‘काहीच’ म्हणताना हा विषय म्हणजे संगणकाचाच विषय, असं तुम्ही धरून चालला आहात. भाऊही तेच धरून चालला आहे आणि तुमच्या ज्येष्ठ सहकारीही. तिघांचंही गणित तिथेच चुकतंय असं मला वाटतं.

२०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी बॉस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांच्या संगणकीय नोंदी घेतल्या आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून रुग्ण तीन वर्षांनी हयात असेल का, याचा अंदाज कितपत बांधता येतो ते तपासलं. त्यात एक गोष्ट अशी निघाली : ज्या १७४ तपासण्यांमध्ये तुलना करता आली, त्यांपैकी ११८ मध्ये तपासणीच्या निकालापेक्षा तपासणी केव्हा केली यावरून अंदाज जास्त बरोबर येत होता. दिवसाच्या कुठल्या वेळी, कुठल्या वारी, आधीच्या तपासणीनंतर किती वेळाने, एवढ्याच माहितीवरून.

नुसता डेटा पाहणाऱ्याला हे चक्रावून टाकेल. तुम्हाला नाही. पहाटे तीन वाजता कुणी उगाच रक्त काढत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी पेशंटकडे पाहिलेलं असतं, कुणाला तरी काहीतरी ठीक वाटलेलं नसतं, डॉक्टरांना उठवलेलं असतं. पेशी नॉर्मल आल्या तरी ती काळजी वेळेच्या रकान्यात उरलेली असते. नोंदीत आकडा दिसतो, आणि त्या आकड्यामागे माणसांनी केलेलं काम असतं. ते काम कसं चालतं हे ज्याला कळतं, त्यालाच आकडा नीट वाचता येतो. तुमची नऊ वर्षं म्हणजे या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम आहे असं मी म्हणते, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

उरलेला निम्मा शिकावा लागेल आणि तो सोपा नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. त्याआधी आणखी एक उदाहरण सांगते, कारण तुमच्या तिहेरी नोंदीच्या वैतागाशी त्याचं थेट नातं आहे. पिट्सबर्गमधल्या एका बालरुग्णालयात डॉक्टरांच्या ऑर्डर संगणकावरून देण्याची प्रणाली अवघ्या सहा दिवसांत सगळीकडे लागू केली गेली. दुसऱ्या रुग्णालयांतून उपचारांसाठी तिथे आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी २.८० टक्के होतं, ते नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ टक्के झालं. हा अभ्यास २००५ साली पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आला. त्यातली कारणं तुम्ही आत्ताच ओळखली असतील. पूर्वी मूल वाटेत असतानाच ऑर्डर लिहून औषधं काढून ठेवता येत होती. आता मूल प्रत्यक्ष पोचून त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत प्रणाली ऑर्डर घ्यायलाच तयार नव्हती. औषधं विभागाजवळून हलवून मध्यवर्ती फार्मसीत नेली होती. एक साधी ऑर्डर द्यायला कितीतरी क्लिक लागत, आणि तेवढा वेळ एक माणूस मुलाजवळून उठून संगणकापाशी बसलेला असे.

पुढच्याच वर्षी सिएटलच्या बालरुग्णालयाने आपला अनुभव प्रसिद्ध केला. कंपनी तीच, प्रणाली तीच, पण तिथल्या बाल अतिदक्षता विभागात मृत्यूचं प्रमाण वाढलं नाही. तिथे नेहमी लागणाऱ्या ऑर्डरचे संच आधी तयार केले होते आणि खाटेजवळचं काम कसं चालतं याचा विचार आधी झाला होता. या दोन रुग्णालयांमधल्या फरकाचा अभ्यास म्हणजे हेल्थ इन्फर्मॅटिक्स, असं मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी सांगेन. तुम्ही बनवलेला हॅन्डओव्हरचा तक्ता त्याच जातीचं काम आहे. अर्जासोबतच्या निवेदनात त्यावर एक सविस्तर परिच्छेद लिहा : काय अडत होतं, काय बदललं, कुणी वापरायला नकार दिला आणि का, अजून काय जमलेलं नाही. ‘मला तंत्रज्ञानाची आवड आहे’ या वाक्यापेक्षा तो परिच्छेद कितीतरी वजनदार ठरेल.

आता भावाच्या सल्ल्याकडे येऊ. तो वाईट सल्ला नाही. डेटा सायन्सच्या चांगल्या अभ्यासक्रमात गणित आणि संख्याशास्त्र जास्त खोलात जातं, आणि आरोग्यक्षेत्र सोडून दुसरीकडे जायचं झालं तरी ती पदवी चालते. पण तिथे तुमची स्पर्धा अशा मुलांशी होईल ज्यांची चार वर्षं त्याच गणितात गेली आहेत, आणि तुमच्याजवळ जे आहे त्याची तिथे कुणाला फारशी गरज भासणार नाही. शिवाय गणित पक्कं असलं म्हणजे प्रश्न बरोबर विचारला जातोच असं नाही. २०१९ साली सायन्स या नियतकालिकात आलेला एक अभ्यास भावाला जरूर वाचायला द्या. अमेरिकेत कुठल्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे ठरवणारा एक अल्गोरिदम, म्हणजे संगणकीय सूत्र, वापरात होता. तो आजारपणाऐवजी पुढे होणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधत असे. खर्चाचे त्याचे अंदाज बऱ्यापैकी बरोबरही येत. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर त्यांच्या गरजेच्या मानाने कमी खर्च होत आलेला होता, त्यामुळे जास्त आजारी असूनही ते यादीत खाली राहत. हा पक्षपात काढला तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. सूत्र चुकलेलं नव्हतं, ‘खर्च म्हणजे गरज’ हे गृहीतक चुकलेलं होतं. अशा टेबलावर खर्च आणि गरज यांतला फरक रोज पाहिलेलं माणूस बसलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

‘अर्धवट’ या शब्दात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. या नावाखाली चालणारे काही अभ्यासक्रम खरोखरच पातळ असतात. व्यवस्थापनाचे चार विषय, संगणकाची तोंडओळख, शेवटी एक अहवाल, की झाली पदवी. म्हणून माहितीपत्रकातल्या विद्यापीठाच्या नावाकडे आणि छायाचित्रांकडे कमी बघा, विषयांच्या यादीकडे जास्त. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय इन्फर्मॅटिक्स संघटनेने या शिक्षणात काय असावं याच्या शिफारशी २००० साली दिल्या आणि २०१० मध्ये सुधारल्या. विषयाचा स्वतःचा गाभा, आरोग्यसेवेचं आणि तिच्या रचनेचं ज्ञान, आणि संगणकशास्त्र-गणित-संख्याशास्त्र ही तिन्ही अंगं त्यांत आहेत. यातलं एखादं अंग यादीत दिसतच नसेल तर सावध व्हा.

मी स्वतः तीन गोष्टी शोधेन. विद्यार्थी डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, म्हणजे एसक्यूएल, स्वतःच्या हाताने लिहितात की नुसते तयार आलेख बघतात? एखादी प्रणाली बसवल्यावर तिने फायदा केला की तोटा, हे मोजायला शिकवणारा मूल्यमापनाचा विषय सक्तीचा आहे का? आणि शेवटचा प्रकल्प खऱ्या रुग्णालयात, तिथल्या लोकांसोबत होतो का? संचालकांना थेट ईमेल करून विचारा की मागच्या दोन तुकड्यांमधले नर्सिंगहून आलेले विद्यार्थी आज काय काम करतात. जिथे शिक्षकांचं आपल्या विद्यार्थ्यांकडे लक्ष असतं तिथून नेमकं उत्तर येतं. गोलमोल उत्तर आलं तर तेही काहीतरी सांगून जातं.

गणिताच्या भीतीबद्दल. बहुतेक अभ्यासक्रमांत लागतं ते संख्याशास्त्र : प्रमाण, शक्यता, एखादी चाचणी आजारी माणसाला किती वेळा पकडते आणि निरोगी माणसाला किती वेळा उगाच धरते. तुमच्या विभागातले अलार्म हा याच हिशेबाचा प्रश्न आहे. दर वेळी खरा धोका पकडायचा म्हणून उंबरठा खाली आणला की खोटे अलार्म वाढतात, आणि शेवटी कुणी मान वर करत नाही. हे तुम्ही अनुभवलेलं आहे, आता त्याची भाषा शिकायची आहे. मशीन लर्निंग खोलात शिकायचं असेल तर रेषीय बीजगणित आणि कलनही लागेल, पण ती वाट ऐच्छिक असते. पहिल्या सत्रात कुणी ती तुमच्या गळ्यात बांधणार नाही.

मला जास्त काळजी वाटते ती मानकांच्या, म्हणजे माहिती सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिण्यासाठी ठरलेल्या संकेतांच्या भागाची, कारण तो रुक्ष वाटतो आणि हुशार विद्यार्थीही तिथे कंटाळतात. आजारांच्या वर्गीकरणासाठी आयसीडी, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी, तपासण्यांसाठी लॉइंक, प्रतिमांसाठी डायकॉम, आणि एका प्रणालीतून दुसरीत माहिती पाठवण्यासाठी एचएल७ या संघटनेचं ‘फायर’. या नावांची रास पाहून घाबरू नका. रक्तातली साखर घ्या. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलेली, शिरेतून काढून प्रयोगशाळेत पाठवलेली, उपाशीपोटीची, जेवणानंतरची : तुमच्या दृष्टीने या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि इन्शुलिन देताना तुम्ही त्यांची गल्लत करणार नाही. प्रणालीत मात्र या सगळ्या ‘ग्लुकोज’ नावाच्या एका रकान्यात कोंबल्या जाऊ शकतात. काय मोजलं, कशात मोजलं, कुठल्या वेळचं, कुठल्या पद्धतीने, हे वेगळं ठेवण्यासाठी लॉइंकचे संकेतांक आहेत. कंटाळा आला की ही साखर आठवा, संकेतांकांना अर्थ येतो.

आता जरा नाजूक मुद्दा. तुमच्या पत्राचा शेवट थकव्याबद्दल आहे, आणि त्या ओळी बाकीच्या पत्रापेक्षा घाईने लिहिल्यासारख्या वाटल्या. म्हणून विचारते : उद्या तुमच्या नाइट ड्युट्या बंद झाल्या आणि विभागात पुरेसं मनुष्यबळ आलं, तरी तुम्हाला हे शिकायचं असेल का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचा. ‘माहीत नाही’ असेल तर आधी विभाग बदलून बघा, दिवसपाळीची जागा मागा, रजा घ्या. थकलेल्या माणसाला विश्रांती हवी असते. पदवी विश्रांती देत नाही, उलट दोन वर्षं संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस खाते. थकवा हे एक कारण असायला हरकत नाही, फक्त ते एकमेव कारण नसावं.

पूर्णवेळ की नोकरी सांभाळून, हे पैशांवर आणि घरच्या परिस्थितीवर ठरेल. फी आणि बुडणारा पगार यांची बेरीज एकदा कागदावर करा. माझा कल नोकरी सांभाळून शिकण्याकडे आहे, आणि पैसा हे त्यामागचं दुय्यम कारण. सोमवारी शिकलेलं मंगळवारी विभागात पडताळून बघता येणं ही या विषयात फार मोठी सोय आहे. मात्र तीनही पाळ्या करत हे करू नका. ठरावीक पाळी मिळणार नसेल तर आधी एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घ्या, आणि पुढे त्याचे गुण पदवीत धरले जातात का, हे प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्या.

अर्जाच्या मुदतीपर्यंतचे दोन महिने काळजीत घालवण्यापेक्षा थोडं करून बघा. एसक्यूएलचा कुठलाही मोफत प्रारंभिक पाठ निवडा आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर बसा. मूळ गोष्टी जमल्या की फिजिओनेट या संकेतस्थळावरून मिमिक-फोर या अतिदक्षता नोंदींच्या संग्रहाचा नमुना उतरवून घ्या. शंभर रुग्णांची ओळख काढून टाकलेली माहिती त्यात खुली ठेवलेली आहे. पूर्ण संग्रहासाठी प्रशिक्षण आणि करार लागतो, नमुन्यासाठी लागत नाही. त्यात तुमच्या रोजच्या ओळखीचा एखादा प्रश्न विचारा, जसं की कुठल्या वेळेला सर्वांत जास्त तपासण्या पाठवल्या गेल्या. उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप सुचला, तर तुम्हाला तुमच्या ‘टिकेन का’चं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं मिळालेलं असेल. आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही त्या संध्याकाळी नकोशा झाल्या, तर तेही वर्षाची फी भरण्याआधी कळलेलं बरं. अशा वेळी प्रशिक्षण किंवा नव्या प्रणालीची अंमलबजावणी या वाटा उरतातच, आणि त्यांना क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, लिहिणाऱ्यापेक्षा लोकांना समजावून सांगणारं माणूस जास्त लागतं.

सरावासाठी स्वतःच्या रुग्णालयातल्या नोंदी मात्र घरी आणू नका, नावं खोडूनसुद्धा नाही. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली दाखवून दिलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं बहुधा एकमेव ठरतात. नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असं होत नाही. तुमच्या विभागात कुठल्या तारखेला कुठल्या आजाराचा रुग्ण होता, एवढ्यावरून त्याच्या शेजाऱ्याला तो ओळखता येईल.

ज्येष्ठ सहकारी म्हणतात ते मी उडवून लावणार नाही. या कामात रुग्णाचा हात हातात येत नाही, कुणी घरी जाताना निरोप घ्यायला येत नाही, आणि बराच वेळ बैठकांत जातो. हे तुम्हाला टोचेल, काही महिने तर फारच. काहीजणी त्यासाठी आठवड्याची एखादी पाळी राखून ठेवतात. रुग्णालय तयार असेल तर तुम्हीही ती मागा, त्याने हाताची सवयही मोडत नाही आणि वॉर्डातल्या लोकांचा विश्वासही टिकतो. पण ‘वाया’ हा शब्द मला पटत नाही. तीन ठिकाणच्या नोंदीचं एक ठिकाण झालं तर त्या विभागातल्या प्रत्येक सिस्टरला प्रत्येक पाळीत रुग्णाजवळ थांबायला थोडा जास्त वेळ मिळेल. तो वेळ मिळवून देणं नर्सिंगच्या बाहेरचं काम आहे असं मी मानत नाही.

तुमच्यासारखी पत्रं औषधनिर्माते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांचीही असतात. त्यांना वेगळं काही सांगायचं नाही, फक्त खाटेच्या जागी आपापलं टेबल धरावं. सॉफ्टवेअरकडून या विषयात येऊ पाहणाऱ्यांना मात्र उलटं सांगेन : अर्ज करण्याआधी परवानगी काढून एखाद्या वॉर्डात सबंध पाळीभर एका कोपऱ्यात उभे राहा आणि नोंद नेमकी कधी, कुणाकडून, किती अडथळ्यांनंतर होते ते बघा. तुमच्याजवळ जे नाही ते पुस्तकातून येत नाही.

राहिला इन्चार्ज सिस्टरना सांगण्याचा प्रश्न. सांगा, पण एसक्यूएलच्या त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर, तुमचं स्वतःचं मन ठरल्यावर. ‘मी जाणार आहे’ अशी सुरुवात करू नका, अजून तसं काही ठरलेलंही नाही. संगणक प्रणालीतल्या बदलांवर जी समिती किंवा जो गट काम करत असेल, त्यात विभागातर्फे बसू द्या, अशी विनंती करा. हे काम त्यांनाही हवंच असतं, कारण प्रणालीच्या तक्रारी शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात. शिक्षणाचा विषय त्याच भेटीत काढा आणि शिफारसपत्र मागा. त्यांना लिहायला किमान तीन आठवडे मिळतील अशा बेताने जा. पाळ्यांची मागणी त्या दिवशी नको. प्रवेश मिळाल्याचं पत्र हातात आलं की वर्गांचं वेळापत्रक सोबत घेऊन लेखी अर्ज द्या, म्हणजे पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लावताना त्यांनाही काहीतरी करता येईल.